फॉरमॅट मारण्याआधी नाडी तरी बघा

सरकारी रुग्णालयात सकाळी नऊ वाजता सर्वांत महत्त्वाचे यंत्र कोणते, असे विचारले तर बहुतेक जण एक्स-रे, सोनोग्राफी किंवा व्हेंटिलेटरचे नाव घेतील. माझे मत वेगळे आहे. त्या वेळी सर्वांत महत्त्वाचे यंत्र म्हणजे केसपेपरच्या खिडकीमागे ठेवलेला जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर. तो चालला तर चोपडा, यावल, पारोळ्याहून पहिल्या एसटीने आलेला माणूस वेळेत डॉक्टरसमोर बसतो. तो हँग झाला की रांग जागच्या जागी थांबते. रांगेत उपाशीपोटी रक्त तपासायला आलेला मधुमेही असतो, सातव्या महिन्याची गरोदर बाई असते, दिवसाची मजुरी बुडवून आलेला शेतमजूर असतो. ‘‘भाऊ, मशीन बंद शे का?’’ असा प्रश्न मागून येतो आणि खिडकीतला कर्मचारी माउस टेबलावर आपटत राहतो.

दवाखाना सोडा; तलाठी कार्यालय, विकास सोसायटी, शाळेची कॉम्प्युटर लॅब, घरातला दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप, सगळीकडे तक्रार तीच. आणि त्यावरचे उपायही ठरलेले. पहिला उपाय, बटण दाबून बंद करा आणि पुन्हा चालू करा. तो चालला नाही तर कोणीतरी सांगतो, ‘‘व्हायरस असेल, फॉरमॅट मारून टाका.’’ त्यानेही भागले नाही तर तिसरा निकाल, ‘‘जुना झाला आता, नवा मागवा.’’ या तिन्ही उपायांत एक गोष्ट कुठेच नाही. ती म्हणजे तपासणी.

तापाचा रुग्ण आला की नाव-गाव न विचारता इंजेक्शन आणि सलाईन लावणारा डॉक्टर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ताप हा आजार नव्हे, ते लक्षण आहे. त्यामागे मलेरिया असेल, टायफॉइड असेल, डेंग्यू असेल किंवा साधी सर्दी असेल. कॉम्प्युटरचे हँग होणे अगदी तसेच आहे. मी काही संगणक अभियंता नाही. पण लक्षणावरून कारणापर्यंत कसे जायचे, हे शिकण्यात माझे आयुष्य गेले आहे, आणि ती शिस्त या लोखंडी डब्यालाही तंतोतंत लागू पडते. माझे म्हणणे एवढेच, की जुन्या कॉम्प्युटरचे आधी निदान करा. फॉरमॅट मारायचा की नवा घ्यायचा, हे त्यानंतर ठरवा.

आधी विचारपूस

आम्ही रुग्णाला हात लावण्याआधी विचारतो: कधीपासून त्रास आहे, कोणत्या वेळी होतो, कशाने वाढतो, आधी काही बदल झाला होता का? कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यालाही हेच विचारायचे. सकाळी सुरू करताना अडकतो, की दुपारी दोननंतर? प्रिंट देताना, की कधीही? नवा प्रिंटर, नवा अँटिव्हायरस लावल्यानंतर सुरू झाले का? टेबल हलवले होते का? या चार-पाच प्रश्नांतच निम्मे निदान होते. दुपारीच अडकणारा कॉम्प्युटर उष्णतेकडे बोट दाखवतो. सुरू होतानाच दहा मिनिटे घेणारा डिस्ककडे. पंप सुरू झाले की किंवा लाइट डोळा मारून गेली की बंद पडणारा विजेकडे.

दुसरा प्रश्न, हा एकटाच थांबला की सगळ्या खिडक्यांवरचे थांबले? माउसचा बाण फिरतो आहे, वर्डची फाइल उघडते आहे, पण नोंदणीचे पान तेवढे गोल गोल फिरत आहे, तर दोष तुमच्या मशीनचा नाही. तो नेटचा किंवा सर्व्हरचा आहे. अशा वेळी समोरचा सीपीयू कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. पोटदुखीसाठी गुडघ्याला मलम लावण्यासारखे ते आहे. (कॅबिनेटला आपल्याकडे सगळे ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतली बोटभर रुंदीची चिप. पण बोलीभाषेत तोच शब्द रूढ आहे, म्हणून मीही तोच वापरतो.)

तिसरी तपासणी मला फार आवडते. बेशुद्ध रुग्णाच्या डोळ्यात आम्ही टॉर्च मारतो. बाहुली आकुंचन पावली तर मेंदूचा तो भाग जागा आहे असे कळते. स्क्रीन गोठली की कीबोर्डवरचे ‘नम लॉक’ किंवा ‘कॅप्स लॉक’ दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर आतली यंत्रणा अजून जिवंत आहे. एखादा प्रोग्रॅम अडकला आहे, पाच मिनिटे धीर धरा. दिवा ढिम्म राहिला तर मशीन खरोखर गोठले आहे आणि कारण बहुधा हार्डवेअरमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये शोधावे लागेल.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम. मशीन ज्या क्षणी धडपणे चालते आहे, त्या क्षणी आतल्या फाइल्स पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. अपघाताच्या रुग्णाचे आम्ही आधी श्वास आणि रक्तस्राव बघतो, हाड कुठे मोडले ते नंतर. कॉम्प्युटरमध्ये तो श्वास म्हणजे डेटा. मशीन बाजारात मिळते. दहा वर्षांच्या नोंदी मिळत नाहीत.

खान्देशचा पहिला संशयित: ऊन आणि धूळ

पुण्या-मुंबईच्या दुरुस्तीच्या पुस्तकात काहीही लिहिले असो, जळगाव-धुळ्यात पहिला संशय उष्णतेवरच घ्यायला हवा. एप्रिल-मेमध्ये आपला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी आत ४० च्या पुढे असतो. यात एक साधे गणित आहे. पंखा आणि धातूच्या पट्ट्या मिळून चिपची उष्णता आसपासच्या हवेत सोडतात. त्यामुळे खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश चिपही तापते. २५ अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर काम करणारी चिप ४३ अंशांच्या खोलीत ८३ वर जाते. त्यात पट्ट्यांमध्ये धुळीची गादी बसली असेल आणि चिपवरची थर्मल पेस्ट वाळून पापडी झाली असेल, तर शंभरी फार दूर नाही. बहुतेक चिपची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. ती जवळ आली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, आणि तरीही तापत राहिली तर मशीन बंद पडते. आपण त्याला ‘हँग झाला’ म्हणतो.

माणसाला घाम येतो. घामाचे बाष्पीभवन होऊन शरीर आसपासच्या हवेपेक्षाही थंड राहू शकते. कॉम्प्युटरला घाम येत नाही. त्याचा पंखा खोलीच्या तापमानाखाली त्याला कधीच नेऊ शकत नाही. म्हणून त्याला मोकळी हवा लागते. आणि आपण काय करतो? त्याला टेबलाच्या खणात कोंबतो, मागची जाळी भिंतीला टेकवतो, वरून फायलींचा गठ्ठा ठेवतो आणि धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकचे कव्हर घालतो.

याची चाचणी फुकटात होते. सीपीयूची बाजूची पट्टी काढा आणि टेबलफॅनचा झोत आत सोडा. दोन दिवस हँग होणे थांबले तर गुन्हेगार सापडला. आमच्याकडे याला उपचार करून निदान करणे म्हणतात. मग स्वच्छता करा. प्लग काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, मशीन बाहेर व्हरांड्यात न्या आणि ब्लोअरने धूळ उडवा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो गरगर फिरून खराब होतो. थर्मल पेस्टची छोटी ट्यूब कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते. ती बदलायला जाणत्या माणसाला अर्धा तास पुरतो. कूलरचा ओला झोत थेट सीपीयूवर सोडू नका. ओली धूळ चिखलासारखी चिकटून बसते आणि मग ब्लोअरलाही दाद देत नाही.

इथे डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या खोलीत मशीन उष्णतेने बंद पडते, त्याच खोलीत एक माणूस आठ तास बसलेला असतो आणि खिडकीबाहेर शंभर माणसे उभी असतात. मशीन निदान थांबून सांगते तरी. माणूस बोलत नाही. हवा ४० अंशांच्या पुढे गेली की पंखा शरीर थंड करण्याऐवजी गरम हवाच अंगावर मारतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना विजेचा पंखा ४० अंशांखालीच वापरा, असे सांगते. तेव्हा दुपारी कॉम्प्युटर वारंवार हँग होऊ लागला तर त्याला त्या खोलीचे थर्मामीटर समजा. कॉम्प्युटरसोबत तिथल्या कर्मचाऱ्याची आणि रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांचीही सोय बघा: सावली, पिण्याचे पाणी, बसायला बाक.

वीज: न दिसणारा रक्तदाब

दीपनगरचे वीजनिर्मिती केंद्र आपल्याच जिल्ह्यात भुसावळजवळ आहे. तरी आपल्या कार्यालयांतला विजेचा दाब काही स्थिर नसतो. कॉम्प्युटरच्या मागे जिथे वायर लागते तो डबा म्हणजे एसएमपीएस. तो २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करून आतल्या भागांना पुरवतो. हा डबा म्हातारा झाला की दाब क्षणभर घसरतो आणि मशीन काही न सांगता गोठते किंवा स्वतःहून पुन्हा सुरू होते. कोणत्याही कामात, कोणत्याही वेळी, काही नियम नसल्यासारखे हे घडत असेल तर एसएमपीएसवर संशय घ्या. त्याची उत्तम तपासणी म्हणजे दुसऱ्या चालू मशीनचा एसएमपीएस जाणत्याकडून लावून बघणे. पण तो डबा स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्याच्या आत जीवघेणी वीज साठलेली असू शकते.

यूपीएसची बॅटरीही आपल्या हवेत लवकर जाते. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे साधारण निम्मे होते. दुसऱ्या शहरात चार वर्षे टिकणारी बॅटरी आपल्याकडे दोन वर्षांत मान टाकते यात नवल नाही. यूपीएसचा दिवा हिरवा आहे म्हणजे बॅटरी चांगली आहे असे नाही. महिन्यातून एकदा काम नसताना भिंतीचे बटण बंद करून तो किती मिनिटे तग धरतो ते बघा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र कॉम्प्युटरवाल्याला बोलावू नका, वायरमनला बोलावा. जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनमागे अर्थिंगच नसते. तो दोष कॉम्प्युटरपुरता नाही, माणसाच्या जिवाचा आहे.

२००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या मदरबोर्डवर आणखी एक आजार जगभर दिसला. त्यांतले कपॅसिटर, म्हणजे छोट्या डब्यांसारखे दिसणारे भाग, सदोष रसायनामुळे फुगले आणि फुटले. इतका जुना कॉम्प्युटर असेल तर उघडून बघा. कपॅसिटरचा माथा सपाट हवा. पोट सुटल्यासारखा फुगलेला असेल किंवा तपकिरी डाग असेल तर रोग डोळ्यांनी दिसला. त्यावर फॉरमॅटचा काय उपयोग?

डिस्क: जिथे वेळ जातो आणि नोंदीही

दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते. तिच्यात तबकडी फिरते आणि सुईसारखा हात माहिती शोधत इकडून तिकडे जातो. अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभर-दीडशे वेळा वेगवेगळ्या जागी पोहोचू शकते. आजची एसएसडी हजारो वेळा पोहोचते, कारण तिच्यात काहीच हलत नाही. म्हणून ‘कंट्रोल-शिफ्ट-एस्केप’ ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू १० टक्के, मेमरी ५० टक्के आणि डिस्क मात्र १०० टक्के असे सतत दिसत असेल तर मशीन गोठलेले नाही, ते डिस्कच्या दारात रांगेत उभे आहे. अशा जुन्या मशीनला एसएसडी बसवली की तेच मशीन ओळखू येत नाही. माझ्या मते जुन्या कॉम्प्युटरवर खर्च करायचा पहिला रुपया इथेच करावा.

मात्र डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, फाइल उघडताना चूक दाखवत असेल, तर तो वेगाचा प्रश्न नाही, ती शेवटची घरघर आहे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि ती वाचणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. २००७ मध्ये गुगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले, की पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पट होते. पण त्याच अभ्यासात हेही दिसले, की बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी ‘स्मार्ट’च्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे रोग नाही असे नव्हे, हे आम्ही ईसीजीबद्दल सांगतो, तेच इथेही खरे. म्हणून रिपोर्टवर विसंबून बॅकअप टाळू नका.

आणि आता विचार करा, अशा मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर कोणी फॉरमॅट मारतो तेव्हा काय होते? नोंदी जातात, डिस्कचे दुखणे तसेच राहते. आठ दिवस मशीन बरे चालल्यासारखे वाटते, कारण ते रिकामे झालेले असते. मग पुन्हा हँग.

उरलेले संशयित

रॅमची पट्टी सैल झाली किंवा खराब झाली तर मशीन कधीही गोठते, निळी स्क्रीन दाखवते. प्लग काढून पट्टी बाहेर काढणे, तिचे सोनेरी दात हलक्या हाताने पुसून पुन्हा नीट बसवणे, एवढ्याने अनेक मशीन बरे होतात. त्याने न भागल्यास विंडोजमध्येच रॅम तपासण्याची सोय आहे. ती रात्रभर चालू द्या. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून बघा. रोग कोणत्या पट्टीत आहे ते कळते.

मग सॉफ्टवेअर. एकाच मशीनवर दोन अँटिव्हायरस असतील तर ते एकमेकांवरच पहारा देत बसतात, एक काढा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर रिकामा करा. ४ जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या ठेवू नका. ‘सेफ मोड’मध्ये मशीन तासन् तास नीट चालत असेल तर हार्डवेअर बहुधा ठीक आहे आणि दोष एखाद्या प्रोग्रॅमचा किंवा ड्रायव्हरचा आहे. एवढे सिद्ध झाल्यावर विंडोज नव्याने टाकायला माझी हरकत नाही. तो मग निदानानंतरचा उपचार झाला.

एक छोटा संशयित दवाखान्यात मोठा घोटाळा करतो. मदरबोर्डवर रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते, तिचा क्रमांक सीआर २०३२. ती संपली की मशीन बंद केल्यावर घड्याळ मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत आणि लोक म्हणतात नेट बंद आहे. पण खरे संकट वेगळे: चुकीच्या तारखेचा केसपेपर, चुकीच्या तारखेचा रक्ताचा रिपोर्ट. काही रुपयांची बॅटरी बदलली नाही म्हणून रुग्णाची साखर कालची की दहा वर्षांपूर्वीची, हा प्रश्न डॉक्टरला पडता कामा नये.

हँग होण्यातून दुसरा घोटाळाही होतो. स्क्रीन थांबली म्हणून कर्मचारी दोन-तीनदा क्लिक करतो, मशीन पुन्हा सुरू करून नोंद नव्याने भरतो, आणि एका रुग्णाचे दोन नंबर तयार होतात. मग रक्त एका नंबरावर जाते, एक्स-रे दुसऱ्यावर. जुने निदान पहिल्या नंबरात अडकून पडते. रांग लांबते ते डोळ्यांना दिसते. तुटलेला इतिहास दिसत नाही, आणि माझ्या दृष्टीने तो अधिक धोकादायक आहे.

वय झाले म्हणजे निकाल लागला का?

काही मशीन खरोखर निवृत्त करायला हवीत, हेही मान्य केले पाहिजे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांची बहुतेक मशीन त्यात बसत नाहीत. आधार संपलेले मशीन घरी पत्त्यांचा खेळ खेळायला चालेल, पण रुग्णांच्या नोंदींसाठी नेटला जोडून ठेवणे म्हणजे लस न दिलेले मूल गोवरच्या साथीत सोडणे.

हा बागुलबुवा नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टचे काम विस्कळीत केले. त्याविरुद्धचे अपडेट दोन महिने आधीच उपलब्ध होते. ते अनेक मशीनवर बसवलेच नव्हते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर अशाच हल्ल्यात बंद पडले आणि देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयाला जवळपास दोन आठवडे कागदावर काम करावे लागले. गल्लीतल्या फॉरमॅटसोबत येणारे ‘क्रॅक’ केलेले फुकट विंडोज तर अशा व्हायरसला दार उघडूनच देते.

ज्यांना नवे मशीन परवडत नाही त्यांनी जुन्यावर लिनक्स टाकण्याचा विचार करावा. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मोफत लिनक्सवर चालतात. टायपिंग, ब्राउझर आणि छपाई एवढेच काम असेल तर एसएसडी लावलेला जुना डेस्कटॉप लिनक्सवर आणखी काही वर्षे सेवा देतो. मात्र कार्यालयाचे सॉफ्टवेअर आणि प्रिंटर त्यावर चालतात का, ते आधी बघावे.

आणि निवृत्त करायचेच तर भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका. त्यात शिसे असते, इतर विषारी धातू असतात. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. डिस्क मात्र आधी काढून घ्या. झटपट फॉरमॅटने माहिती पुसली जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी आणि पाने तशीच राहावीत, असे ते असते. त्या पानांवर कोणाच्या क्षयरोगाची, कोणाच्या एचआयव्हीची नोंद असू शकते. एक्स-रे कोणाच्या हाती लागू नये म्हणून आपण जपतो, तर डिस्क का जपू नये?

खिडकीमागचे मशीन हेही वैद्यकीय उपकरणच

सरकारी कारभारात कॉम्प्युटर डेड स्टॉक रजिस्टरमध्ये येतो आणि थेट निर्लेखनाच्या वेळीच पुन्हा आठवतो. मधल्या दहा वर्षांत त्याचे काय दुखले, काय बदलले, याची एक ओळ कुठे नसते. एक्स-रे मशीनचे देखभालीचे वेळापत्रक असते. केसपेपरच्या मशीनचे का नसावे? पैसे नाहीत हे उत्तर मला पटत नाही. ब्लोअर, थर्मल पेस्ट, गोल बॅटरी आणि एक वही यांना निविदा लागत नाही.

प्रत्येक मशीनला एक केसशीट द्या. साधी वही, मशीनवर टांगलेली. कोणत्या तारखेला, किती वाजता, काय करताना हँग झाला, आणि काय केल्यावर सुटला. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाने त्यात निदान लिहिल्याशिवाय बिलावर सही नको. महिनाभराची अशी वही हातात असेल तर एखादा होतकरू आयटीआयचा विद्यार्थीही रोग ओळखेल. शिवाय प्रत्येक खिडकीवर छापील केसपेपरचा गठ्ठा आणि राखीव क्रमांकांची यादी ठेवा. पाच मिनिटांत मशीन सुरू झाले नाही तर हाताने लिहायला लागा आणि नंतर नोंद भरा. मशीनची तपासणी निवांत होऊ द्या, रुग्णाची थांबता कामा नये.

स्वच्छतेसाठी वेगळा मुहूर्त शोधायचीही गरज नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास आपण घरोघरी कूलर उतरवतो, धुतो, नवे गवत बसवतो. त्याच दिवशी सीपीयूही उघडा, कारण त्याचाही उन्हाळा त्याच दिवशी सुरू होतो. दुसरा दिवस दसऱ्याचा. त्या दिवशी कार्यालयांत कॉम्प्युटरला हळदकुंकू लागते, झेंडूचा हार पडतो. श्रद्धा जरूर ठेवा. फक्त त्याआधी मागचा पंखा झटका, यूपीएस तपासा, बॅकअप घ्या आणि हळदकुंकू जाळीपासून चार बोटे दूर लावा.